फुलपाखरं बघायला गाईड कशाला? (शिलोंढा ट्रेल, बोरिवली)

उंडगा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शिलोंढा ट्रेलला फुलपाखरांच्या वॉकला जाऊन आलो. पावसाळी भटकंतीच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की पैसे भरून फुलपाखरं बघण्यात काय अर्थ आहे, ती तर सोसायटीच्या बागेतही दिसतात, म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी व्यवस्थेचं सांगतो. शिलोंढ्याला आपलं आपण घुसता येत नाही, वनखात्याची परवानगी आणि सोबत गाईड लागतो, बिबट्याचं जंगल आहे ते. चौकशी पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रात करायची. सोमवारी पार्क बंद असतं. एक मोठा फायदा म्हणजे पहाटे उठायची कटकट नाही. पक्षीवाले बिचारे उजाडायच्या आत गेटवर असतात, फुलपाखरांना मात्र ऊन लागतं, पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडताच येत नाही. नऊ-साडेनऊ ते साडेबारा हा खरा वेळ. ऑक्टोबरात मुंबईकर घामाने वैतागलेले असतात पण फुलपाखरांचा सिझन तोच, पाऊस ओसरलेला, झाडोरा हिरवा आणि ऊन कडक.

आता मुद्दा. आमचा गाईड पार्कातल्याच एका पाड्यावर वाढलेला. त्याने पहिला अर्धा-पाऊण तास एकही फुलपाखरू दाखवलं नाही. झाडं दाखवली. मी मनात म्हटलं वनस्पतीशास्त्राच्या तासाला आलोय बहुतेक. एका आंब्याखाली सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला या खालच्या फांदीवर अळी आहे, शोधा. आम्ही पान न् पान बघतोय, कुणाला काही नाही. शेवटी त्याने काडीने पान दाखवलं तरी दिसेना. पानाच्या मधल्या शिरेवर ती लांबलचक पहुडलेली, पाठीवरची पिवळी रेघ बरोब्बर शिरेच्या वर, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिसांसारखे हिरवे काटे निघालेले, ते पानाला असे सपाट टेकवलेले की अळीची कडही कळत नाही आणि सावलीही पडत नाही. हलली तेव्हा कुठे बाकीच्यांच्या तोंडून 'अरेच्चा' निघालं. ही कॉमन बॅरन या फुलपाखराची अळी. आंबा आणि काजू हे तिचं खाणं, म्हणजे बॅरन हवा असेल तर आधी आंबा बघा.

पुढे कळंबाच्या झाडावर कमांडर नावाच्या फुलपाखराच्या अळीची करामत. छोट्या अळीने पानाची दोन्ही बाजू खाऊन मधली शीर तेवढी ठेवलेली, आणि शिरेच्या टोकाला स्वतःचीच विष्ठा रेशमाने चिकटवून चिकटवून काडी लांबवलेली. त्या काडीवर ती जाऊन बसते. मुंग्यांपासून वाचायचा हा उद्योग असावा असं मानतात. मुलांना हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण उघड आहे.

मग ओढा आला आणि तिथे मात्र मेजवानी. ओलसर वाळूवर कॉमन जे आणि ब्लूबॉटलची झुंबड, पंख मिटून शेजारीशेजारी बसलेली. मी जवळजवळ पोटावर आडवा झालो होतो. सोंड मातीत खुपसून पाणी ओढतायत आणि मागच्या टोकाने थोड्या थोड्या वेळाने पारदर्शक थेंब उडवतायत! पाणी नको असतं त्यांना, त्यातले क्षार हवे असतात, म्हणून गाळायचं आणि सोडून द्यायचं. मधूनच एक नीलवंत आला, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं, ब्लू मॉरमॉन. फोटोत ते नुसतं निळं दिसतं, समोर आलं की आधी त्याचा आकारच अंगावर येतो.

शेवटी कारवीच्या उतारावर ब्लू ओकलीफ. हे अचानक निळा झळाळ मारत उडतं आणि खोडावर बसून पंख मिटलं की संपलं, वाळकं पान. देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपके, सगळं. गाईडने तिथेही कारवी आधी दाखवली होती, कारण याची अळी कारवीवर वाढते. त्यामुळे तो म्हणाला इथे थांबू या, आणि थांबलो तर दिसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाईडचे पैसे फुलपाखरू दाखवण्याचे नसतात, कुठे थांबायचं हे माहीत असण्याचे असतात.

झोपाळू

छान लिहिलंय पण एक विरोधी मत नोंदवतो. मीही गेलो होतो अशाच एका वॉकला (कुणाचा ते लिहीत नाही), तीन तासात जेमतेम दीड किलोमीटर. दर पाच मिनिटांनी थांबा. बरं थांबून दाखवलं काय, तर पानावरची भोकं. आमच्यात चाळीसेक माणसं होती, पुढच्या दहांना दिसायचं आणि मागच्यांपर्यंत बातमी यायची की 'होतं, उडालं'. वर पोहे पण गार. त्यापेक्षा घोडबंदरला ओवळेकर वाडीत गेलो तेव्हा निवांत डोळे भरून बघितली, एकाच बागेत, चालणं नाही की डास नाहीत.

उंडगा

झोपाळू, चाळीस जण म्हणजे तो वॉक नव्हे, वरात आहे. तुमची तक्रार रास्त आहे पण ती गर्दीची आहे, संथपणाची नाही. बारा-पंधराच्या वर माणसं असतील तर मी तरी जाणार नाही, नाव नोंदवतानाच विचारून घ्यायचं.

आणि ओवळेकर वाडीचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. तिथे फुलपाखरं पकडून आणून सोडलेली नाहीत. अळ्यांना लागणारी झाडं लावली, मधासाठी फुलं लावली, आणि ती आपण होऊन आली. म्हणजे परत झाडंच.

शंकासुर

दोन शंका. एक, ओढ्यावर झुंबड होती ती बहुतेक नरांचीच असते असं वाचलंय, माद्यांना क्षार नको असतात का? आणि दुसरी म्हणजे कॉमन मॉरमॉनची मादी वेगवेगळी का दिसते? मला एकाच झाडावर नरासारखी दिसणारी आणि लाल ठिपकेवाली अशा दोन्ही दिसल्या, मी दोन वेगळी फुलपाखरं म्हणून लिहून ठेवलं होतं, मित्राने खोडलं.

लेन्सवेडा

शंकासुरा, पहिल्याचं उत्तर थोडं चावट आहे. नर त्या क्षारांतलं सोडियम गोळा करतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो, तिच्या अंड्यांना ते कामाला येतं. आहेर म्हणा हवं तर. मादीचा वेळ अंडी घालायला झाड शोधण्यात जातो त्यामुळे ती ओढ्यावर कमी दिसते.

दुसरं जास्त मजेशीर आहे. कॉमन मॉरमॉनच्या माद्या तीन प्रकारच्या. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखराची नक्कल, तिसरी क्रिमझन रोझची नक्कल. रोझ मंडळींच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, त्या वेलीचं विष अंगात साठवतात, आणि एकदा तोंड पोळलं की पक्षी त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉन मात्र लिंबाच्या, कढीपत्त्याच्या कुळावर वाढलेली, तिच्यात विषबिष काही नाही, ती नुसते कपडे घालून फिरते. ओळखायचं असेल तर पंख बघत बसू नका, अंग बघा. रोझचं पोट लालभडक असतं आणि मॉरमॉनचं काळं. एवढी बारीक गोष्ट तिला जमलेली नाही.

आणि याच्यामागे एकच जनुक आहे, डबलसेक्स नावाचं. आपल्याच कृष्णमेघ कुंटे यांचं आणि सहकाऱ्यांचं ते संशोधन २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं होतं. त्याआधी बरीच वर्षं असा समज होता की एवढी गुंतागुंतीची नक्कल म्हणजे शेजारीशेजारी चिकटलेल्या बऱ्याच जनुकांचं काम असणार.

शंकासुर

काळं पोट! घरी येऊन जुने फोटो काढून बघतोय आता. धन्यवाद.

टेकडीवाला_पुणे

धागा वर काढतोय कारण पुण्यात कुणी शिलोंढ्याला जायची गरज नाही. वेताळ टेकडीवर, पाषाणच्या बाजूने, पावसाळा संपता संपता खुळखुळ्याच्या झुडपांवर जाऊन उभे रहा. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो, सगळी एकाच सुकलेल्या फांदीला लगडलेली असतात आणि तुम्ही हातभर अंतरावर गेलात तरी उडत नाहीत. मध पीत नसतात ती. खुळखुळ्यात एक कडू रसायन असतं, ते नर खरवडून खरवडून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवायचा वास तयार करतात. त्यातलं काही अंगात राहून शत्रूलाही कडू लागतं. म्हणून वाळका खुळखुळा दिसला की तण समजून उपटू नका, माझ्या सोसायटीच्या माळ्याशी माझं यावरून दोनदा वाजलंय.

दुःख असं की नोव्हेंबर-डिसेंबरपासून टेकडीवर गवताला आगी लागायला लागतात, कुणी बिडी टाकतं, कुणी मुद्दाम लावतं. लोकांना वाटतं गवतच तर जळलं. अहो त्या गवतावर इव्हिनिंग ब्राऊनसारख्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, कोष असतात. आणि जिथे तिथे ग्लिरिसिडिया (बाहेरदेशातून आणलेलं झाड) लावून ठेवलाय तो वेगळाच विषय, त्याच्यावर वेगळा धागा काढतो नाहीतर इथे भांडण होईल.

उंडगा

टेकडीवाले, काढाच तो धागा.

इव्हिनिंग ब्राऊनचं नाव काढलंत म्हणून, त्याचे पावसाळी आणि उन्हाळी कपडे वेगळे असतात. पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे, आणि कोरडा काळ आला की पुढच्या पिढीचे ते डोळे जवळजवळ गायब, नुसता पाचोळ्याचा रंग. ऑक्टोबरात दोन्ही बघायला मिळू शकतात. आम्हाला वाटेवर पायाखालून उडाला तो पाचोळ्याच्या रंगाचा होता, दोन पावलं पुढे बसला आणि परत सापडला नाही.

सावंतवाडकर

मुंबई-पुणेवाल्यांनो, तुमचं चालू द्या, पण फुलपाखरं म्हणजे आमच्याकडेच. आंबोली, तिलारी, चौकुळ. इथे बर्डविंग आहे. सदर्न बर्डविंग, काळे पुढचे पंख आणि मागचे पंख सोन्याचा पत्रा. सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जातं तेव्हा नवखा माणूस पक्षीच म्हणतो, नाव उगाच नाही ठेवलेलं. देशातलं सर्वात मोठं फुलपाखरू म्हणून १९० मिमीचा मान बरीच वर्षं याच्याकडे होता, २०२० मध्ये उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंगचं माप १९४ मिमी भरलं आणि चार मिमीने आमचा नंबर गेला. आम्ही अजून मनावर घेतलेलं नाही.

याची अळीसुद्धा ईश्वरीच्या कुळातल्याच झाडांवर. वर लेन्सवेडा यांनी लिहिलंय तेच कूळ. आमच्याकडे घराच्या बाजूची रानटी वेल म्हणून लोक कोयता मारतात, रस्ता रुंदीकरणात कडेचं झुडूप तर सगळ्यात आधी जातं, आणि मग म्हणतात आताशा बर्डविंग दिसत नाही. गाईडला विचारा ईश्वरी कुठे आहे, त्याला माहीत नसेल तर दुसरा गाईड बघा. माझ्यापुरती गाईडची परीक्षा हीच.

आंबोलीला यायचं तर गणपतीनंतर या. त्याआधी पावसात फुलपाखरू तर सोडा, समोरचा माणूस दिसत नाही.

लेन्सवेडा

सावंतवाडकर, ईश्वरीची परीक्षा आवडली, ढापतोय.

मला एका गोष्टीवर बोलायचं होतं, फोटोवाल्यांबद्दल. मीही त्यातलाच आहे म्हणून बोलतो. काही ठिकाणी बघितलंय की फुलपाखरू पकडून बर्फाच्या डब्यात गार करतात, ते सुन्न झालं की फुलावर ठेवून पंख उघडवून फोटो काढतात. बघणाऱ्याला कळतही नाही. सोंड गुंडाळलेली, मिशा पडलेल्या आणि पाय फुलावर टेकलेलेच नाहीत, असा फोटो दिसला की समजायचं. चिमटीत धरून मुलांना दाखवणारे गाईड पण आहेत. बोटाला जी पावडर लागते ती पंखांवरची खवली असतात, ती परत येत नाहीत.

पिकलेलं केळं, थोडी बिअर वगैरे मिसळून चारा लावणारेही असतात, राजा, नवाब नावाच्या फुलपाखरांना फुलांपेक्षा सडकी फळं आणि शेण जास्त आवडतं हे खरंच आहे. स्वतःच्या अंगणात करा. पार्कात खायचं काही टाकू नये, माकडं आधीच पोहोचलेली असतात.

कॅमेरा नसेल तर काही अडत नाही. साधा मोबाईल, हळू चाल, आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की उडालंच. टेक्निक म्हणून एवढंच आहे बाकी सगळं नशीब.

दोन_पोरांची_आई

सगळं वाचून काढलं. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत, नेऊ का शिलोंढ्याला? धाकटा एका जागी दोन मिनिटं बसत नाही. कपडे भडक चालतात का, की पक्षी बघायला जाताना घालतात तसं मळकट रंगाचंच घालायचं?

उंडगा

ताई, आणाच. आमच्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, आंब्यावरची अळी आधी तिलाच दिसली होती, ती आईला सांगत होती आणि आई म्हणत होती गप्प बस काका बोलतायत. उंची कमी असल्यामुळे पानांची खालची बाजू पोरांना आयती दिसते.

रंगाचं फार मनावर घेऊ नका, हालचाल महत्त्वाची. पूर्ण बाह्या आणि पॅन्ट घाला, डास आणि खाजकुयली दोन्ही आहेत. डासांचं मलम गेटवरच लावून घ्या, ओढ्याजवळ फवारे मारत बसू नका. पाणी भरपूर. आणि धाकट्याला एक काम द्या, मोजायचं. आमच्या गाईडने मुलांना सांगितलं होतं की फुलपाखरं मोजू नका, कुठल्या झाडावर बसलं ते मोजा. दमून गप्प झाली होती.

झोपाळू

मुलांवरून आठवलं, पतंग आणि फुलपाखरू कसं ओळखायचं हे आमच्या त्या वॉकमध्ये 'रात्री उडतो तो पतंग' असं सांगितलं होतं. दुपारी बारा वाजता दिसला तो मग कोण होता?

लेन्सवेडा

दिवसा उडणारे पतंग बरेच आहेत. मिशा बघायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीच्या काडीला गुल असतं तशी. पतंगाच्या मिशा पिसांसारख्या नाहीतर नुसत्या दोऱ्यासारख्या. अपवाद निघतात पण पार्कात फिरताना एवढं पुरतं.

पावसात दिव्यावर येऊन भिंतीवर बसतो तो ताटलीएवढा अॅटलास पतंग, त्याचे फोटो दरवर्षी व्हॉट्सअॅपवर 'दुर्मिळ फुलपाखरू' म्हणून फिरतात. त्याला खाता येत नाही, तोंडच धड नसतं, अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर थोडे दिवस जगतो. त्याला पाणी पाजायचा प्रयत्न करू नका, घरी नेऊन डब्यात तर अजिबात ठेवू नका.

दोन_पोरांची_आई

धन्यवाद उंडगा, नाव नोंदवते. आता माझा खरा प्रश्न, ज्याच्यासाठी हा धागा उघडला. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याने शिटलंय असं वाटलं म्हणून पुसायला गेले तर ते हललं. आता त्यातल्या दोन हिरव्यागार झाल्यात आणि काल मोठीने पानाने हलकंच टोचलं तर डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि असला उग्र वास सोडला की पोरगी किंचाळली. चावतात का? साप-बिप काही? सासूबाई म्हणतायत औषध मार, झाड अर्धं खाऊन झालंय.

शंकासुर

ताई तुम्ही घरबसल्या वॉक करताय!

टेकडीवाला_पुणे

चावत नाही, डसत नाही, काही नाही. लाइम बटरफ्लाय नाहीतर आपला वरचा कॉमन मॉरमॉन. लहान असताना पक्ष्याच्या शिटेचा वेश, मोठी झाली की हिरवी, आणि ती शिंगं फक्त घाबरवायला, मुंग्यांसाठी आणि बारक्या शत्रूंसाठी. औषध मारू नका प्लीज. कढीपत्ता जिवट असतो, परत फुटतो.

आता थोड्या दिवसात अळी खाणं बंद करेल आणि झाड सोडून चालायला लागेल, तेव्हा हरवली म्हणून घाबरू नका. ग्रिलला, कुंडीच्या काठाला, कपड्यांच्या स्टँडला, कुठेही जाऊन कमरेला रेशमाचा एक दोरा बांधून कोष करेल. हिरव्यात असेल तर हिरवा, काडीवर किंवा भिंतीवर असेल तर बहुतेक तपकिरी. मोठीला सांगा रोज फोटो काढ. बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होतो आणि आतले पंख दिसतात, मग दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी लवकर उठा. बाहेर आल्यावर पंख ओले आणि चुरगळलेले असतात, तासभर तरी लटकत राहू द्या, मदत करायला जाऊ नका.

कोष नुसताच काळा पडून राहिला आणि बारीक भोक दिसलं तर आत गांधीलमाशीच्या जातीतल्या एखाद्या बारक्या माशीने अंडी घातली होती असं समजा. तेही होतं, बऱ्याचदा होतं. मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे रडारड नको.

सावंतवाडकर

आणि ताई, झाड संपत आलं म्हणून बाजारातली जुडी आणून अळ्यांना घालू नका, तिच्यावर फवारणी असते, सकाळी सगळ्या मेलेल्या सापडतील. शेजाऱ्यांकडे लिंबाचं झाड असेल तर त्याची फांदी मागा, तेवढीच ओळख वाढेल. बाजारातला कढीपत्ता दोन आठवडे तुमच्या फोडणीला ठेवा. सासूबाईंना सांगा, नातवंडांचा प्रोजेक्ट आहे.